अर्धवटरावांना बोलते करणारे रामदास पाध्ये

खानापूरच्या शाळेतील स्नेहसंमेलनासाठी आपण बोलक्या बाहुल्यांचे कलाकार रामदास पाध्ये यांच्या कारकिर्दीविषयी विचारले आहे. अर्धवटराव हा बाहुला मूळचा त्यांचे वडील यशवंत पाध्ये यांचा. तो वारसा पुढे चालवत रामदासांनी दूरदर्शनवरून मुलांना हसवले, लिज्जत पापडाच्या जाहिरातीतील ससा गाजवला आणि १९९३ च्या ‘झपाटलेला’ चित्रपटात तात्या विंचू हा बाहुलाही जिवंत केला. खरे कसब मात्र शब्दभ्रमाचे, म्हणजे आपला आवाज बाहुल्याचा भासवण्याचे आहे, कारण ओठ न हलवता बोलताना प, ब, म हे ओष्ठ्य (ओठ मिटून उच्चारायचे) वर्ण जिभेच्या साहाय्याने भासवावे लागतात आणि त्याच क्षणी बाहुल्याचा जबडा अचूक हलवून प्रेक्षकांची नजर तिकडे खिळवावी लागते. आपल्या बेळगाव भागातील मुलांना बाहुल्याकडून मराठीबरोबर कन्नडमध्येही विनोद करवून घेता येतील (हेल तेवढा अस्सल हवा).