अमेरिकेत काउंटीच्या निवडणूक मंडळानं निकालावर सही करायला नकार दिला, तर काय होतं?

तुमचा प्रश्न दोन भागांत आहे. काउंटी (राज्याखालचा, आपल्या जिल्ह्यासारखा भाग) पातळीवरचे सदस्य निकाल ‘सर्टिफाय’, म्हणजे सही करून प्रमाणित, करत नाहीत अशा बातम्या येतात, तर हरलेला पक्ष असा निकाल खरंच रोखून धरू शकतो का? आणि आपल्याकडे हा प्रकार ऐकू का येत नाही?

थोडक्यात सांगायचं तर निकाल काही दिवस लांबवता येतो, फिरवता येत नाही. खाली दिलेल्या सगळ्या प्रकरणांत शेवटी सही झाली. कधी कोर्टाच्या आदेशानं, कधी लोकांच्या दबावानं.

आधी रचना बघा. अमेरिकेत आपल्या निवडणूक आयोगासारखी देशभर निवडणूक घेणारी एक यंत्रणा नाही. निवडणूक राज्याची, आणि बहुतेक राज्यांत प्रत्यक्ष काम काउंटीचं. टीव्हीवर रात्री दिसतात ते आकडे अनधिकृत. अधिकृत निकाल म्हणजे काउंटीच्या मंडळानं मंजूर केलेला तक्ता. हे मंडळ राज्यागणिक वेगळं. मिशिगनमध्ये प्रत्येक काउंटीत चार सदस्य, दोन डेमोक्रॅट आणि दोन रिपब्लिकन. अ‍ॅरिझोना आणि न्यू मेक्सिकोत मात्र एरवी रस्त्यांचं आणि तुरुंगाचं बजेट मंजूर करणारे निवडून आलेले लोकच (सुपरवायझर किंवा कमिशनर) या कामासाठी बसतात. म्हणजे पक्षाची माणसं, आपापल्या मतदारांचा दबाव, आणि वर चालू सभेत जाहीर मतदान. गोंधळाला एवढं सामान पुरेसं आहे.

मतदान आणि सही यांच्यामध्ये जे काम होतं त्याला ‘कॅनव्हास’ म्हणतात. यात मतं पुन्हा मोजत नाहीत, हिशेब जुळवतात. प्रत्येक केंद्रावर मतदार नोंदवहीत किती जणांची नोंद आहे आणि मतपत्रिका किती पडल्या, हे ताडून बघतात. मशीनच्या पट्टीवरची बेरीज आणि संगणकात चढलेली बेरीज एकच आहे ना, हे पाहतात. ज्यांची पात्रता त्या दिवशी ठरली नाही त्यांची तात्पुरती मतं तपासून स्वीकारतात किंवा नाकारतात. काही राज्यांत टपाली पाकिटावरची सही जुळली नाही तर मतदाराला बोलावून दुरुस्तीची संधी देतात, काही राज्यांत परदेशातल्या सैनिकांची उशिरा आलेली मतं धरतात. रात्रीचे आकडे नंतर थोडे हलतात ते यामुळे. त्यात काही काळंबेरं नसतं.

आता ताळा जुळत नाही म्हणजे काय, कारण निम्मे वाद इथेच उगवतात. समजा, वहीत ६१२ नावं आहेत आणि मशीन ६११ मतपत्रिका दाखवतंय. एक मतदार नाव नोंदवून मतपत्रिका घेऊन रांगेत कंटाळून निघून गेला, की झाली एकाची तूट. टपाली पाकीट आलं, नोंद झाली, उघडल्यावर आत मतपत्रिकाच नाही, पुन्हा तूट. मतपत्रिका मशीनमध्ये अडकली आणि कर्मचाऱ्यानं ती पुन्हा सरकवली, की एक जास्त. एका पथकाचा गठ्ठा चुकून शेजारच्या टेबलावर गेला, तर इकडे कमी आणि तिकडे तेवढेच जास्त. पेढीवर दिवसअखेर रोकड आणि खतावणी जुळवताना दहा रुपयांचा फरक पडतो, तसंच हे. अशा वेळी करायचं एवढंच: फरक किती, कशामुळे, ते शेऱ्यात लिहायचं. दिवसभर राबलेल्या हंगामी कर्मचाऱ्यांकडून हा शेराच राहून जातो, आणि मग आठवड्यानं तोच कागद टीव्हीवर पुरावा म्हणून फिरतो.

मिशिगनच्या वेन काउंटीतल्या डेट्रॉइट शहरात २०२० साली नेमकं हेच झालं. शहराच्या टपाली मतांच्या १३४ मोजणी पथकांपैकी बहुसंख्य पथकांचे ताळे जुळत नव्हते. १७ नोव्हेंबर २०२० ला वेन काउंटीच्या मंडळात मत पडलं दोनास दोन. फरक होता सगळा मिळून काही शे मतांचा, आणि बायडन मिशिगनमध्ये पुढे होते १,५४,१८८ मतांनी. त्यात एका रिपब्लिकन सदस्यानं डेट्रॉइट वगळून बाकी काउंटी मंजूर करण्याची तयारी दाखवली. शेजारच्या, प्रामुख्यानं गोऱ्या वस्तीच्या लिव्होनियातही ताळे जुळत नव्हते, पण त्यावर आक्षेप नव्हता. लोकांनी ऑनलाइन सभेत तासन्‌तास धारेवर धरल्यावर त्याच रात्री चारही मतं बाजूनं पडली. दुसऱ्या दिवशी दोघा रिपब्लिकन सदस्यांनी प्रतिज्ञापत्रं करून मत मागे घ्यायचा प्रयत्न केला, पण दिलेलं मत परत घेण्याची सोय कायद्यात नव्हती. २०२२ मध्ये मिशिगनच्या मतदारांनी राज्यघटनेतच लिहून टाकलं की हे काम कारकुनी स्वरूपाचं आहे आणि त्यात मर्जीला जागा नाही.

हा मुद्दा कळीचा आहे. अमेरिकन कोर्टं एकोणिसाव्या शतकापासून म्हणत आली आहेत की मंडळानं आलेले तक्ते बेरीज करून पुढे पाठवायचे, खटला चालवायचा नाही. घोटाळा झाल्याची शंका आली तरी? हो, तरीही. जॉर्जियाचा कायदा याबाबत स्वच्छ आहे: चूक किंवा लबाडी दिसली तर आकडे योग्य रीतीनं मोजून प्रमाणित करा आणि प्रकरण सरकारी वकिलाकडे कळवा. म्हणजे सहीही करायची आणि तक्रारही. सही केली म्हणून तक्रारीचा हक्क जात नाही. फेरमोजणीचा अर्ज आणि निवडणुकीला आव्हान देणारा दावा हे रस्ते उघडेच राहतात, आणि अनेक राज्यांत ते सही झाल्यावरच उघडतात. त्यामुळे ‘पुरावा दाबण्यासाठी घाईनं सही उरकली’ हा आरोप बहुतेक वेळा उलटा असतो.

नकार दिला की कायद्याचं चाक कसं फिरतं, ते न्यू मेक्सिकोच्या ओटेरो काउंटीत चार दिवसांत दिसलं. जून २०२२ च्या पक्षांतर्गत निवडणुकीनंतर तिथल्या तिन्ही रिपब्लिकन कमिशनरांनी डॉमिनियन कंपनीच्या मतमोजणी मशीनवर विश्वास नाही म्हणून निकाल नाकारला. नेमकी कुठे चूक झाली, हे दाखवलं नाही. राज्याच्या निवडणूक प्रमुख थेट राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. मागितला परमादेश, म्हणजे ‘अधिकाऱ्याला त्याचं बंधनकारक काम करायला लावा’ असा आदेश. १५ जूनला तो मिळाला, १७ जून ही शेवटची तारीख. दोघांनी सही केली. तिसरे कॉय ग्रिफिन यांनी फोनवरून विरोधी मत दिलं आणि आपला विरोध पुराव्यावर नाही, आतल्या भावनेवर आधारलेला आहे, हे स्वतःच बोलून दाखवलं. वकिलाला एवढं वाक्य पुरतं.

अ‍ॅरिझोनाची कोचीस काउंटी मात्र मला जास्त शिकवणारी वाटते, कारण तिथे नकार देणारे स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेणार होते. २८ नोव्हेंबर २०२२ ही मुदत. तीन सुपरवायझरांपैकी दोन रिपब्लिकन सदस्यांनी मशीन तपासणाऱ्या प्रयोगशाळांच्या मान्यतेचा मुद्दा काढून सभा पुढे ढकलली. तिथला कायदा एखाद्या केंद्राचा तक्ता आलाच नसेल तरच दिवसागणिक सभा पुढे ढकलू देतो, आणि इथे तर सगळे तक्ते टेबलावर होते. काउंटीत सुमारे ४७,००० मतं, बरीचशी रिपब्लिकन. ती वगळून राज्याची बेरीज केली असती तर काँग्रेसची (अमेरिकन संसदेची) एक जागा आणि राज्याच्या शिक्षण प्रमुखाचं पद डेमोक्रॅटांकडे गेलं असतं. १ डिसेंबरला न्यायाधीशांनी त्याच दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत काम पुरं करा म्हणून बजावलं. दोन विरुद्ध शून्य मतांनी निकाल मंजूर झाला, तिसरे सभेला आलेच नाहीत. प्रकरण तिथे थांबलं नाही. २०२३ मध्ये दोन्ही रिपब्लिकन सदस्यांवर फौजदारी आरोप ठेवले गेले. त्यांपैकी पेगी जड यांनी २०२४ मध्ये किरकोळ गुन्हा कबूल केला. शिक्षा दंड आणि प्रोबेशनची, पण पुढच्या नकार देणाऱ्यांना निरोप पोहोचला.

जॉर्जियात २०२४ मध्ये डाव वेगळा होता. नकार द्यायचा नाही, नियमच बदलायचा. राज्य निवडणूक मंडळानं ऑगस्टमध्ये तीन विरुद्ध दोन मतांनी ठरवलं की सहीआधी ‘वाजवी चौकशी’ करावी. चौकशी म्हणजे काय आणि ती कधी संपली म्हणायची, याचा पत्ता नाही, आणि मुदत मात्र कायद्यानं ठरलेली. ऑक्टोबरमध्ये एका न्यायाधीशांनी कोणत्याही परिस्थितीत सही नाकारता येणार नाही असं स्पष्ट केलं, दुसऱ्यांनी हे नवे नियमच रद्द ठरवले, आणि २०२५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं वाजवी चौकशीचा नियम कायमचा निकालात काढला.

खरा धोका उशिराचा आहे. काउंटी अडली की राज्याचा तक्ता अडतो. अध्यक्षीय निवडणुकीत तर राज्यपालानं इलेक्टरांची (राज्याच्या वतीनं अध्यक्षासाठी प्रत्यक्ष मत देणाऱ्या प्रतिनिधींची) यादी त्यांच्या बैठकीच्या सहा दिवस आधी द्यावी लागते. २०२४ मध्ये ती तारीख ११ डिसेंबर होती, बैठक १७ ला. २०२२ अखेरच्या सुधारित केंद्रीय कायद्यानं या वादांसाठी तीन न्यायाधीशांचं जलद खंडपीठ ठेवलंय, आणि काँग्रेसमध्ये आक्षेप घ्यायला दोन्ही सभागृहांच्या एक पंचमांश सदस्यांच्या सह्या लागतात. पूर्वी दोन्हीकडचा एकेक सदस्य पुरायचा.

आता आपलं. लोकसभा-विधानसभेला सहीसाठी मंडळ बसत नाही, मतदान घेत नाही. निवडणूक निर्णय अधिकारी एकटा, बहुधा महसूल खात्यातला. ताळ्यासाठी नमुना १७-सी: वर केंद्राध्यक्षाचा पडलेल्या मतांचा हिशेब, खाली मोजणीचा. प्रत उमेदवाराच्या प्रतिनिधीच्या हातात. फेरमोजणी हवी तर निकाल जाहीर होण्यापूर्वी तिथल्या तिथे कारणांसह लेखी मागायची, नंतर ४५ दिवसांत उच्च न्यायालयात याचिका. २०२४ मध्ये मुंबई उत्तर-पश्चिमचा निकाल ४८ मतांचा होता, तरी तो वाद याच वाटेनं गेला. पक्षाचा माणूस खुर्चीत बसला की आपल्याकडेही काय होतं, हे बघायचं असेल तर चंदीगडची ३० जानेवारी २०२४ ची महापौर निवडणूक आठवा. नामनिर्देशित नगरसेवक असलेल्या पीठासीन अधिकाऱ्यानं आठ मतपत्रिकांवर खुणा करून त्या बाद ठरवल्या, २०-१६ चा निकाल १२-१६ झाला, आणि सर्वोच्च न्यायालयानं २० फेब्रुवारीला मतपत्रिका स्वतः पाहून तो फिरवला. तिथे सही नाकारली नव्हती, चुकीच्या आकड्यावर केली होती. माझ्या मते हा प्रकार नकारापेक्षा जास्त घातक, कारण वेन किंवा कोचीसमध्ये निदान तक्ते शाबूत होते.

नकाराची पुढची बातमी आली की आधी एवढंच शोधा: सदस्यानं कुठल्या केंद्राचा, किती मतांचा फरक दाखवलाय? पेनसिल्व्हेनियाच्या लुझर्न काउंटीत २०२२ ला केंद्रांवर मतपत्रिकांचा कागदच संपला होता, कोर्टानं मतदान रात्री दहापर्यंत वाढवलं होतं. तिथे एक सदस्य तटस्थ राहून मतं दोनास दोन अडकली ती खऱ्या कारणानं. दोन दिवसांनी तोच सदस्य बाजूनं मत देऊन मोकळा झाला, आणि कागदाची चौकशी वेगळी चालू राहिली.