हिब्रूमध्ये देवाची नावं किती, त्यांचे अर्थ काय, आणि ‘यहोवा’ हाच खरा उच्चार का?

तुम्ही यहोवा, एलोहीम, अदोनाय, एल शद्दाय, यहोवा यिरे, यहोवा निस्सी या सगळ्यांचे अर्थ विचारलेत आणि यातलं ‘खरं’ नाव कोणतं, म्हणजे ते छापून फ्रेम करता येईल, असंही विचारलंत. आधी ही रांगच मोडायला हवी, कारण त्यातली शेवटची दोन देवाची नावं नाहीतच. ‘यिरे’ हे अब्राहामाने एका जागेला दिलेलं नाव आहे (उत्पत्ती २२:१४). ‘निस्सी’ हे मोशेने बांधलेल्या वेदीचं (निर्गम १७:१५), ‘शालोम’ गिदोनाच्या वेदीचं (शास्ते ६:२४), तर ‘शम्मा’ चक्क नगराचं (यहेज्केल ४८:३५). विठ्ठलवाडी हे विठ्ठलाचं नाव होत नाही, तसंच हे. भिंतीवरच्या तक्त्यांत ही नावं फार शोभतात, पण मूळ वाक्य उघडून पाहिलं की प्रकरण वेगळं निघतं.

हिब्रू बायबलात देवाचं विशेषनाम एकच आहे: योद, हे, वाव, हे ही चार अक्षरं. ती सुमारे ६,८०० वेळा येतात. ‘या’ हे त्याचंच छोटं रूप, ‘हालेलूया’तलं, ‘हालेलू’ म्हणजे ‘स्तुती करा’. बाकीची नावं म्हणजे सामान्यनामं, पदव्या आणि विशेषणं.

प्रचलित मराठी बायबलात हा फरक बऱ्यापैकी जपलेला आहे. जिथे ‘परमेश्वर’ छापलंय तिथे मुळात ही चार अक्षरं असतात, ‘देव’ तिथे सहसा एलोहीम, आणि ‘प्रभू परमेश्वर’ तिथे अदोनाय व त्यापुढे चार अक्षरं. ‘सर्वसमर्थ देव’ म्हणजे एल शद्दाय. एवढं लक्षात ठेवलंत तर हिब्रू न येताही अर्धं काम होतं.

एलोहीम समजायला मराठी माणसाला फारसा त्रास पडू नये. या शब्दाला अनेकवचनी ‘-ईम’ प्रत्यय आहे, म्हणून ‘मूळचे अनेक देव’ किंवा ‘इथेच त्रैक्य’ (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा) असे निष्कर्ष लोक काढतात. पण आपला ‘देव’ शब्दही दोन्ही वचनांत सारखाच राहतो. ‘देव आला’ की ‘देव आले’ हे क्रियापद सांगतं. हिब्रूतही तेच. उत्पत्तीच्या पहिल्याच वाक्यात ‘बारा एलोहीम’ आहे आणि ‘बारा’ (निर्माण केलं) हे एकवचनी क्रियापद आहे. आपल्या आदरार्थी बहुवचनाशी मात्र याची गल्लत करू नका. आपल्याकडे ‘बाबा आले’ म्हणताना क्रियापदही बहुवचनी होतं. हिब्रूत इस्राएलाच्या देवाबद्दल बोलताना ते सहसा एकवचनीच राहतं.

आता उच्चार. जुनं हिब्रू लेखन व्यंजनांचं. आपल्यासारखे काना-मात्रा त्यात नव्हते. नाव उच्चारायचं नाही म्हणून वाचणारा तिथे ‘अदोनाय’ (माझे स्वामी) म्हणायचा. पुढे तिबेरियास शहरातल्या मासोरा पंडितांनी (बायबलचा पाठ जपणाऱ्या ज्यू विद्वानांनी) स्वरांचे ठिपके लावले, तेव्हा या चार व्यंजनांखाली त्यांनी वाचायच्या शब्दाचे, म्हणजे अदोनायचे, स्वर ठेवले. ही वाचकासाठी खूण होती. मध्ययुगातल्या ख्रिस्ती अभ्यासकांनी एकाची अक्षरं आणि दुसऱ्याच्या मात्रा जोडून वाचलं आणि ‘येहोवा’ (मराठीतलं ‘यहोवा’) तयार झालं. ‘अ-ओ-आ’मधला पहिला अ इथे ए का झाला? कारण तो ऱ्हस्व अ अलेफसारख्या (अदोनायचं पहिलं अक्षर) कंठ्य अक्षराखालीच बसतो, योदखाली त्याचा नुसता निसटता स्वर उरतो. इ. स. १००८च्या लेनिनग्राड हस्तलिखितात (हिब्रू बायबलच्या एका जुन्या प्रतीत) तर बहुतेक ठिकाणी ‘हो’चा ठिपकाही नाही.

हे स्वर उसने आहेत याचा सरळ पुरावा हवा असेल तर उत्पत्ती १५:२ पाहा. तिथे अदोनाय हा शब्द आधीच लिहिलेला आहे. ‘अदोनाय अदोनाय’ असं दोनदा वाचावं लागू नये म्हणून चार अक्षरांना तिथे एलोहीमचे स्वर लावले आहेत. नावाचे स्वतःचे स्वर असते तर ते शेजार पाहून बदलले नसते. ‘यहवे’ हा अभ्यासकांनी बांधलेला उच्चार आहे. त्यामागे ग्रीक लेखकांच्या नोंदी आणि व्याकरण आहे. मला तो जास्त पटतो, पण तोही अनुमानच.

अर्थाबद्दल निर्गम ३:१४ मधलं ‘एह्ये अशेर एह्ये’ नेहमी पुढे केलं जातं. मराठीत ते ‘मी आहे तो आहे’ असं आलंय. एह्ये हे ‘असणे’ धातूचं अपूर्ण काळाचं रूप आहे, त्यात ‘असेन’ही येतं. दोनच वचनं आधी (३:१२) हाच शब्द ‘मी तुझ्याबरोबर असेन’ या अर्थाने आलाय. त्यामुळे या वाक्यातून केवळ ‘शाश्वत अस्तित्व’ काढणं मला अपुरं वाटतं. सोबतीचं आश्वासन तिथे शेजारीच उभं आहे.

शद्दायचा धातू ठरत नाही. अक्कादी ‘शदू’ (डोंगर), हिब्रू ‘शद’ (स्तन) आणि ‘शदद’ (उद्ध्वस्त करणे) असे तर्क आहेत. ‘सर्वसमर्थ’ हे ग्रीक-लॅटिन भाषांतरांतून रुळलं.

या नावांचं महत्त्व मात्र शब्दकोशापेक्षा सोफेरच्या, म्हणजे धर्मलेखनिकाच्या, मेजावर जास्त स्पष्ट दिसतं. ज्यू घराच्या दारचौकटीवरच्या मेझुझात अनुवाद ६:४-९ आणि ११:१३-२१ हा मजकूर चर्मपत्रावर २२ ओळींत हाताने लिहिलेला असतो. त्यात पवित्र नावं दहा: चार अक्षरं सात वेळा, शिवाय एलोहीमचीच रूपं असलेली एलोहेनू (आमचा देव), एलोहेखा (तुझा देव), एलोहेखेम (तुमचा देव) एकेकदा. प्रत्येक नाव लिहिण्याआधी ‘हे नावाच्या पावित्र्यासाठी’ असं म्हणावं लागतं. त्याच पत्रावर ११:१६ मध्ये ‘एलोहीम अहेरीम’ (इतर देव) येतं. तिथे शब्द तोच, पण पावित्र्य नाही, म्हणून आधीचं ते वाक्यही म्हणायचं नाही.

चूक झाली तर? मेझुझातली अक्षरं क्रमानेच लिहिलेली असावी लागतात, म्हणून राहिलेलं अक्षर नंतर मध्ये घुसवता येत नाही. शेवटच्या अक्षरापासून मागे चुकीपर्यंतचं सगळं खरवडून पुन्हा लिहायचं, हा एकच उपाय. पण पवित्र नाव खरवडता येत नाही. पहिल्या ओळीत ‘शेमा यिस्राएल’ (ऐक, इस्राएला) नंतर तिसराच शब्द नाव आहे. म्हणजे पहिल्या दोन शब्दांतलं गाळलेलं अक्षर तिसऱ्या शब्दानंतर लक्षात आलं तर ते पत्र बाद. ते फेकत नाहीत, गेनिझात (बाद पवित्र लिखाण ठेवायच्या जागेत) ठेवतात. नियम इतका बारीक की नावाच्या आधी जोडलेलं अक्षर (आपल्या ‘ला’, ‘चा’सारखं) खोडता येतं, मागे जोडलेलं नाही; एलोहेनूमधला ‘नू’ (आमचा) नावामुळे पवित्र झालेला असतो.

कोकणातल्या बेने इस्राएलांनी (मराठी बोलणाऱ्या ज्यूंनी) पिढ्यान्‌पिढ्या जपलेली प्रार्थना म्हणजे हीच शेमाची ओळ. आणि त्यांच्या मलिदा या विधीत ज्याचं नाव गातात तो एलियाहू (बायबलातला एलीया) पाहा: एली म्हणजे ‘माझा देव’, याहू म्हणजे चार अक्षरांचं छोटं रूप. एकाच माणसाच्या नावात पदवी आणि विशेषनाम दोन्ही आलीत.

तुम्हाला नाव छापून फ्रेम करायचंय म्हणता, तर पूर्ण चार अक्षरं नकोत. कागद कधीतरी कचऱ्यात जातो, म्हणून ज्यू लोक नुसतं ‘हे’ अक्षर आणि वर एक फराटा काढतात. बोलताना ‘हाशेम’ (ते नाव) म्हणतात, एलोहीमचं ‘एलोकीम’ करतात. आकड्यांतही हीच काळजी दिसते. हिब्रूत अक्षरंच अंकांचं काम करतात. १० म्हणजे ‘योद’, ५ म्हणजे ‘हे’. १५ सरळ लिहिलं तर ‘या’ होतं, म्हणून ९ आणि ६ लिहितात, आणि १६ साठी ९ आणि ७. शेवात महिन्याच्या पंधराव्या दिवशीच्या वृक्षांच्या सणाला ‘टू बिश्वात’ म्हणतात, त्यातला ‘टू’ म्हणजे हेच ९ आणि ६.