घाताचं चिन्ह का गाळलं?

प्रश्न : मी सी ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकते आहे. 2^3 लिहिलं, 8 येईल असं वाटलं, आलं 1. कंपायलरने (प्रोग्रॅमचं यंत्रभाषेत भाषांतर करणाऱ्या प्रोग्रॅमने) हूं की चूं केलं नाही. फोरट्रान या भाषेत 1957 पासून घाताचं ** हे चिन्ह आहे, मग सीमध्ये का ठेवलं नाही? – एक विद्यार्थिनी

उत्तर : सीमध्ये ^ हे चिन्ह बिट जुळवून पाहतं. बिट म्हणजे 0 किंवा 1 हा अंक; बिटांत 2 म्हणजे 10, 3 म्हणजे 11. बिट सारखे तिथे 0, वेगळे तिथे 1. हाती लागतं 01, म्हणजे 1. कंपायलरच्या लेखी तुम्ही काहीच चुकला नव्हता.

डेनिस रिची यांनी 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला ही भाषा घडवली ती ऑपरेटिंग सिस्टिम लिहिण्यासाठी. चिन्ह दिसलं की प्रोसेसरला साधारण किती काम पडणार हे कळावं, असा तिचा बाज आहे. घाताला गुणाकारांची माळ लागते, म्हणून तो 'पॉव' या फंक्शनकडे गेला.

मला मात्र दुसरी अडचण मोठी वाटते. 2 चा 3 रा घात 8, पूर्णांक. 2 चा उणे 1 वा घात? 0.5. दोन्ही वेळा दिले पूर्णांकच, पण उत्तराची जात (टाइप) बदलली: पूर्णांकाचा अपूर्णांक झाला. पायथॉन या भाषेला ते चालतं, कारण तिथे जात प्रोग्रॅम चालताना ठरते. सीला ती कंपाइल करतानाच ठरवावी लागते. फोरट्रान पूर्णांकावर अडून राहते, म्हणून तिथे 2**(-1) चं उत्तर 0 येतं! जावास्क्रिप्टने 2016 मध्ये ** घेतलं, पण -2**2 लिहू देत नाही. कोणी ते 4 वाचेल, कोणी -4, म्हणून कंस घालायलाच लावते. असा नकार मला मनापासून आवडतो.

घात गाळला ते योग्यच झालं. सलतं ते वेगळंच. बेरीज ठरलेल्या बिटांत मावली नाही तर इंटेलचा प्रोसेसर लगेच एक बिट उभा करून तसं सांगतो, पण सीने तो बिट बघायची सोयच ठेवली नाही. 32 बिटांच्या पूर्णांकात मावणारी सर्वांत मोठी संख्या 2147483647. माझ्या एका मोजणीत तिच्या पुढची नोंद -2147483648 छापून आली. कुठेही इशारा नाही, आणि मी दोन दिवस फाइल वाचण्याच्या भागात चूक शोधत होते. असं झाल्यावर काय उत्तर येईल याची हमीही भाषा देत नाही. सी-23 या मानकात अखेर अशी बेरीज आली, जी मावली की नाही तेही सांगते. रस्ट या भाषेत ती आधीपासून आहे.

तुमचा कंपायलर जुना असेल तर बेरजेच्या आधीच तपासा: a शून्य किंवा धन असेल आणि b हा (2147483647 - a) पेक्षा मोठा असेल, तर बेरीज करू नका.