पुस्तक मिटा आणि मग म्हणा

मागच्या अंकात सहज विचारलं होतं की आरत्या वहीत बघून म्हणता का पाठ आहेत, तर आरत्या राहिल्या बाजूला आणि पाठांतरावरच एवढी पत्रं आली की या वेळचं सदर त्यालाच देऊन टाकलंय. काही पत्रं फार लांब होती, ती कापलीत, राग मानू नका.

ताई, मी पुण्यात राहून एमपीएससी करतेय. राज्यघटनेचं पुस्तक चार वेळा वाचून झालं, हायलायटरने अख्खं पिवळं झालंय, वाचताना सगळं येतंय असं वाटतं पण प्रश्न समोर आला की 352, 356, 360 यातलं कुठलं कलम कशाचं तेच कळेनासं होतं. रूममेट म्हणते पाचवं रीडिंग कर. करू का?
— अभ्यासिकेतली एक जण, पुणे

नको करूस. वाचताना येतंय असं वाटतं ना, सगळी गडबड तिथेच आहे. सोसायटीत रोज दिसणाऱ्या माणसाचा चेहरा लगेच ओळखू येतो, नाव विचारलं की तत पप होतं, तसं झालंय तुझं. पान ओळखीचं झालंय, पानावरचं अजून तुझ्या हातात आलेलं नाही.

यावर एक मस्त प्रयोग झालाय, 2006 साली अमेरिकेतल्या सेंट लुईसमध्ये रोडिगर आणि कार्पिक या दोघांनी केलेला. कॉलेजच्या मुलांना उतारे दिले, एका गटाला चारही फेऱ्यांत फक्त परत परत वाचायला लावलं आणि दुसऱ्या गटाला एकाच फेरीत वाचायला देऊन नंतरच्या तीन फेऱ्यांत कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहायला लावलं. पाच मिनिटांनी बघितलं तर वाचणारे पुढे होते, पण आठवड्याने परत बघितलं तेव्हा वाचणाऱ्यांना साधारण 40 टक्के आठवत होतं आणि लिहिणाऱ्यांना 61 टक्के. आणि गंमत म्हणजे वाचणाऱ्यांनी तो उतारा सरासरी 14 वेळा डोळ्याखालून घातला होता, लिहिणाऱ्यांनी जेमतेम साडेतीन वेळा, तरी आपल्याला जास्त आठवेल असा कॉन्फिडन्स कुणाला होता, तर वाचणाऱ्यांनाच!

तर आता हायलायटर ड्रॉवरमध्ये टाक. आणीबाणीचा भाग एकदा नीट वाच, पुस्तक मीट, कोरा कागद घे आणि जे आठवेल ते लिही, चुकलं तरी लिही, अडलं तर लगेच पुस्तक उघडू नकोस, जरा डोकं खाजव, त्या खाजवण्यातच काम होत असतं. मग लाल पेनने तपास आणि फक्त चुकलेलंच परत वाच. हेच उद्या कर, मग तीन-चार दिवसांनी, मग आठवड्याने, मग महिन्याने. मध्ये गॅप का, तर विसरण्याचा वेग सुरुवातीला भयंकर असतो. एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसाने 1885 मध्ये स्वतःवरच प्रयोग करून हे मांडलं, निरर्थक अक्षरं पाठ करायची आणि किती उरतंय ते मोजायचं, तर त्याची अर्ध्याहून जास्त मेहनत तासाभरातच वाया गेलेली दिसली, मात्र पुढे महिनाभर घसरण अगदी हळू होती. म्हणजे पहिली उजळणी लवकर हवी, नंतरच्या लांबल्या तरी चालतात.

आणि नुसते आकडे लक्षात राहत नाहीत गं, त्यांना काहीतरी चिकटवावं लागतं. 356 म्हणजे राष्ट्रपती राजवट, तर नोव्हेंबर 2019 आठव, 12 तारखेला राज्यात लागली आणि 23 ला पहाटे उठली, पहाटेचा शपथविधी महाराष्ट्रात कोण विसरेल! 352 म्हणजे राष्ट्रीय आणीबाणी, ती 1962, 1971 आणि 1975 ला लागली. 360 म्हणजे आर्थिक आणीबाणी, ती आजवर एकदाही लागलेली नाही, हेच तिचं लक्षात ठेवण्यासारखं. आता परीक्षेत तिघींची गल्लत कर बघू.

मुलगा तिसरीत, इंग्रजी माध्यम. सातचा पाढा घडाघडा म्हणतो पण मध्येच सात आठे किती विचारलं की पहिल्यापासून सुरू करतो. आजी म्हणते आमच्या वेळी असं नव्हतं. शाळेत सेव्हन एट्स, घरी सात आठे, त्यानेच गोंधळ होतोय का?
— एक आई, नाशिक

आजींच्या वेळीही असंच होतं, फक्त आजींना रोज संध्याकाळी परवचा म्हणावा लागायचा, म्हणून उड्या मारायची सवय लागली. पाढा चालीत पाठ झाला की तो एक सलग गाणं होतो, आणि गाणं मधूनच सुरू करायला सांगितलं तर मोठ्यांनाही जमत नाही, राष्ट्रगीत तिसऱ्या ओळीपासून म्हणून बघा. म्हणजे त्याला येतंय, पण एकाच दारातून आत शिरता येतंय. चाल सोडू नका, ती फार उपयोगाची आहे, फक्त तिच्यावर थांबू नका.

करायचं काय, तर आधी त्याच्या डोक्यावरचं ओझं कमी करा. एक, दोन, पाच आणि दहाचे पाढे त्याला येत असणारच. उरले तीन, चार, सहा, सात, आठ, नऊ. सात आठे आणि आठ साते एकच हे एकदा त्याला चण्यांच्या रांगा मांडून दाखवलंत की या सहा आकड्यांच्या फक्त 21 जोड्या उरतात. एकवीस! त्यातल्या निम्म्या त्याला आत्ताच येत असतील. बाकीच्या कागदाच्या चिठ्ठ्यांवर लिहा, एका बाजूला प्रश्न, मागे उत्तर, आणि भाजी निवडताना, रिक्षात, कुठेही दोन-चार विचारा. बरोबर आली ती चिठ्ठी परवाच्या डब्यात, चुकली ती उद्याच्या. एका बैठकीत तासभर घेऊ नका, तो कंटाळेल आणि तुम्हीही.

भाषेचं म्हणाल तर पाढे एकाच भाषेत पक्के करा, कुठल्याही, मला मराठी आवडेल कारण 'बे चोक आठ' मध्ये जी लय आहे ती इंग्रजीत नाही. पण एक खरं की आपल्या मराठीत त्रेसष्ट म्हणताना तीन आधी येतो आणि साठ नंतर, त्यामुळे इंग्रजी शाळेतली मुलं ऐकून 36 लिहून मोकळी होतात. यावरूनच 2019 ला बालभारतीने दुसरीच्या गणितात एकवीसला 'वीस एक' आणलं आणि केवढा गदारोळ झाला होता. मुलगा आकडा उलटा लिहीत असेल तर ते पाढ्याचं दुखणं नाही, ते वेगळं घ्या.

वय 68. निवृत्तीनंतर गीतेचा पंधरावा अध्याय पाठ करायला घेतला. सहा महिने झाले, रोज पुस्तकात बघून पूर्ण म्हणतो. बिन पुस्तकाचा म्हणायला गेलो की चौथ्या श्लोकानंतर भलतीकडेच जातो. वयामुळे होत असेल तर सोडून देऊ का?
— एक आजोबा, सांगली

आजोबा, सोडू नका. वयाने थोडा वेळ जास्त लागतो, पण तुमचं अडतंय ते वयामुळे नाही. चौथ्यात 'यस्मिन्गता न निवर्तन्ति भूयः' आहे आणि सहाव्यात 'यद्गत्वा न निवर्तन्ते', तुम्ही चौथ्यावरून थेट सहाव्यात जाऊन 'तद्धाम परमं मम' ला पोचत असणार, आणि पाचवा 'निर्मानमोहा' बिचारा गायब! तरुण मुलंही नेमकी तिथेच घसरतात. त्या दोन ओळी एकाखाली एक लिहून काढा आणि फरक बोट ठेवून बघा. शिवाय पहिला श्लोक अनुष्टुभ छंदातला, आठ-आठ अक्षरांच्या चरणांचा, दोन ते पाच त्रिष्टुभ, अकरा-अकरांचे, सहापासून परत अनुष्टुभ, आणि मध्येच पंधरावा 'सर्वस्य चाहं' पुन्हा त्रिष्टुभ. चाल बदलली की अडखळायला होतंच. पण एकदा कळलं की उलट ती चालच सांगते, चौथा म्हणून झाल्यावर तोंडात आठ अक्षरांची चाल आली की समजायचं, पाचवा राहिला.

दुसरं म्हणजे श्लोक तुटतो तो आत नाही, सांध्यावर. एक श्लोक संपला की पुढचा कुठल्या शब्दाने सुरू होतो हे आठवत नाही. म्हणून सांधे वेगळे घोका, एकाचा शेवटचा चरण आणि पुढच्याचा पहिला, एवढंच, दहा वेळा. आपल्या वेदपाठी लोकांनी ही गोष्ट केवढी पुढे नेली बघा, क्रमपाठात पहिलं-दुसरं पद, मग दुसरं-तिसरं, मग तिसरं-चौथं असं प्रत्येक पद शेजारच्याला बांधत जायचं, आणि घनपाठात एक-दोन, दोन-एक, एक-दोन-तीन, तीन-दोन-एक, एक-दोन-तीन, असं उलटसुलट. एक अक्षर इकडचं तिकडे झालं तर लगेच कळावं अशी व्यवस्थाच ती. तुम्हाला घनपाठ करायचा नाहीये, पण ती सांध्याची युक्ती उचला.

आणि रोज पहिल्यापासून सुरू करू नका हो. तसं केलं की पहिले चार-पाच पाषाणासारखे पक्के आणि शेवटचे कायम कच्चे. सोमवारी सोळापासून सुरू करा, मंगळवारी अकरापासून. पुस्तक मांडीवर असू दे पण पालथं. वीसच तर श्लोक आहेत.

न्यू जर्सीत राहतो, मुलीला मराठी शाळेच्या स्पर्धेसाठी मनाचे श्लोक पाठ करायचेत. तिला मराठी बेताचंच कळतं. अर्थ न कळता पाठ करून घेणं म्हणजे पोपटपंची नाही का? नवऱ्याचं आणि माझं यावर रोज वाजतं.
— एक आई, न्यू जर्सी

तुमच्यात कोण कुठल्या बाजूला ते लिहिलं नाहीत, त्यामुळे बिनधास्त सांगते. लहानपणी अर्थाशिवाय पाठ झालेलं वाया जात नाही, अर्थ नंतरही येतो, आपल्यापैकी कितीजणांना शुभंकरोतीतला 'शत्रुबुद्धी' तेव्हा कळला होता! पण अर्थ आधी सांगितला तर पाठ करणं कितीतरी सोपं जातं, हेही खरं. वर सांगितलेल्या त्या एबिंगहाउसलाच निरर्थक अक्षरांच्या मानाने कवितेतली तेवढीच अक्षरं पाठ करायला साधारण दहावा हिस्सा मेहनत पडली. म्हणून प्रत्येक श्लोकाची गोष्ट तिला समजेल त्या भाषेत दोन वाक्यांत सांगा, इंग्रजीत सांगितली तरी समर्थ रागावणार नाहीत. 205 चा हट्ट नको, दहा-बारा घ्या. आणि एक खड्डा आत्ताच दाखवून ठेवते, ढीगभर श्लोक 'मना' नेच सुरू होतात, त्यामुळे स्टेजवर मुलं एकातून दुसऱ्यात घुसतात. तिला प्रत्येक श्लोकाचा दुसरा शब्द आणि एक चित्र लक्षात ठेवायला सांगा, 'मना सज्जना' ला एक, 'मना वासना' ला दुसरं, चित्रं तिलाच काढू दे. मनाच्या श्लोकांचं वृत्त भुजंगप्रयात, त्याची चाल काय, दोनदा ऐकली की तिच्या तोंडात बसेल, त्याची काळजी नाही.

कॉलेजच्या एकांकिकेत आहे. घरी आरशासमोर सगळं पाठ, तालमीत ब्लँक.
— एक नट, ठाणे

कारण तू फक्त तुझी वाक्यं पाठ केलीस. समोरच्याचं शेवटचं वाक्य हा तुझा धागा, तो घरी ओढायला कुणी नसतं. बहिणीला पकड, ती समोरच्याचं वाचेल, तू उठून, चालून, कप उचलून बोल. ज्या वाक्याला जी हालचाल ती घरीपण तीच ठेव.

बदाम, ब्राह्मी, शंखपुष्पी, यातलं काय घेतलं की पाठांतर लवकर होतं?
— नाव छापू नये, कोल्हापूर

बदाम चांगलेच असतात, खा. पाठांतर त्याने होत नाही. त्यापेक्षा रात्री एकदा न बघता म्हणून झोपा आणि झोप पूर्ण घ्या, दिवसभराचं पक्कं करायचं काम मेंदू झोपेतच करतो, परीक्षेच्या आदल्या रात्री जागणाऱ्यांनी हे दोनदा वाचावं. सॉरी, एकदा वाचून एकदा आठवावं.