'मॉरल ट्रीटमेंट' म्हणजे 'नैतिक उपचार' का?

प्रश्न असा आला आहे: मनोविकारांच्या इतिहासावरच्या एका मराठी टिपणात 'पिनेल यांनी वेड्यांवर नैतिक उपचार सुरू केले' असे वाक्य आहे. म्हणजे त्यांना सदाचाराचे धडे दिले का?

नाही, धडे वगैरे काही नाही. फिलिप पिनेल या फ्रेंच डॉक्टरांच्या १८०१ च्या ग्रंथातला फ्रेंच शब्दप्रयोग 'त्रेतमाँ मोराल' असा आहे; त्याचेच इंग्रजी रूप 'मॉरल ट्रीटमेंट'. त्या काळी 'मोराल' म्हणजे शरीर सोडून उरलेले सगळे: मन, भावना, वृत्ती, कल्पना. रक्त काढणे, जुलाब देणे हे शरीरावरचे उपाय. मनाला हात घालून करायचे ते 'मोराल'.

पिनेल यांनीच सांगितलेला पॅरिसचा शिंपी पाहा. फ्रेंच राज्यक्रांतीतल्या राजाच्या शिरच्छेदाबद्दल काहीतरी बोलून गेला आणि आता आपलीही मान गिलोटिनखाली जाणार, या भीतीने त्याला वेड लागले. त्याला आधी शिवणकामाला लावले. पुढे काही डॉक्टर न्यायाधीशांच्या वेशात बसले, त्याची रीतसर चौकशी केली आणि तो निर्दोष असल्याचा निकाल दिला. गडी काही काळ सुधारला, मग पुन्हा बिघडला. यात नीती कुठे आली? ही तर चक्क थाप आहे!

याच कुळातला इंग्रजी शब्द (morale) सैन्याच्या, पोलिसांच्या संदर्भात येतो तेव्हा आपण बरोबर 'मनोधैर्य' म्हणतो. 'पोलिसांची नीती खचली' असे छापले तर बातमीच वेगळी होईल. 'नैतिक पाठिंबा' मात्र रुळला आहे. तो चोराच्या मित्राने चोरालाही देता येतो, तेव्हा त्यातल्या नीतीचे काय ते समजून घ्यावे.

इंग्लंडमधल्या यॉर्कचे प्रकरण थोडे निराळे आहे. क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे विल्यम ट्यूक यांनी १७९६ मध्ये तिथे मनोरुग्णांसाठी 'रिट्रीट' नावाचे निवासस्थान उघडले. त्यांचे नातू सॅम्युएल यांनी १८१३ मध्ये तिथली हकिगत लिहिली, ती वाचण्यासारखी आहे. खिडक्यांच्या चौकटी लोखंडी, पण लाकडी वाटतील अशा. अंगणात ससे, कोंबड्या. मधूनमधून चहापान, त्याला रुग्णांनी ठेवणीतले कपडे घालून यायचे आणि अदबीने वागायचे. साखळदंडांत जखडून आणलेल्या एका आडदांड माणसाला मोकळे करून सरळ जेवायला बसवले आणि बजावले की, तू स्वतःला आवरलेस तर बळजोरीची वेळ येणार नाही. इथे चारचौघांतला मान, लाज, आत्मसंयम हीच औषधे होती, धर्मही होताच. त्यामुळे यॉर्कपुरता 'नैतिक' अगदीच चुकीचा नाही. पॅरिसला तो लावू नये.

मग लिहायचे काय? 'मानसोपचार' हा नेमका शब्द होता, पण आता तो अख्ख्या शाखेला चिकटला आहे. 'मनोपचार' संधीच्या नियमात बसत नाही. मी तरी पहिल्यांदा 'मॉरल ट्रीटमेंट, म्हणजे मनाच्या अंगाने केलेला उपचार' असे लिहीन आणि पुढे नुसते 'मॉरल ट्रीटमेंट'. बोलण्यात तर आपल्याकडे 'रुग्णाच्या कलाने घेणे' आहेच. पिनेल यांच्या शिंप्याला ते चपखल बसते. यॉर्कबद्दल बोलताना 'आणि संयमाचे वळण लावणे' एवढे त्याला जोडावे लागेल.