‘डबल काच आहे’ एवढ्यावर घर घेऊ नका

थंड देशात भाड्याचं घर बघताना मालकाने ‘खिडक्या डबल काचेच्या आहेत’ असं सांगितलं तर निश्चिंत व्हावं का, असं तुम्ही विचारलंय. नका होऊ. मी पहिल्या हिवाळ्यात तेच केलं. काचा दोन होत्या, पण जुन्या. हीटर रात्रभर चालू, तरी खिडकीकडची कूस गारठायची. रोज सकाळी काचेवरून ओघळलेलं पाणी टॉवेलने टिपायचं. दोन महिन्यांत चौकटीच्या कोपऱ्यात काळी बुरशी धरली, आणि त्याच खोलीत माझं लहान मूल झोपत होतं. म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

काचेतून किती उष्णता निसटते ते यू-व्हॅल्यूवरून कळतं. आकडा जितका कमी तितकं चांगलं. एकेरी काचेचा साधारण 5.7, साध्या दुहेरीचा 2.8, आणि लो-ई (म्हणजे उष्णता कमी बाहेर सोडणारा) थर देऊन मध्ये आर्गॉन वायू भरलेल्या दुहेरीचा 1.1 च्या आसपास. दोन्हींना ‘डबल’च म्हणतात, पण साधीतून अडीचपट उष्णता जाते! ही करामत मुख्यतः त्या थराची. चांदीचा असतो, जाडी मिलिमीटरच्या लाखाव्या भागाच्या आसपास. उजेड आत येऊ देतो, पण खोलीतली ऊब बाहेर न सोडता परत आत फिरवतो.

बाहेर उणे 10 आणि आत 20 अंश असेल, तर साध्या दुहेरी काचेची आतली बाजू 9 अंशांपर्यंत उतरते. खोलीत आर्द्रता 50 टक्के असली की नेमकं तेवढ्यावरच दव धरतं. माझं टॉवेलचं पाणी ते हेच. लो-ई काच अशा वेळी 15-16 अंशांवर, कोरडी राहते.

घर बघायला शक्यतो अंधार पडल्यावर जा आणि काचेजवळ लायटरची ज्योत धरा. दुहेरी काचेत चार प्रतिबिंबं दिसतील. त्यातल्या एकाचा रंग वेगळा असेल तर थर आहे. चारही सारखी दिसली तर मालकाला स्पष्ट विचारा. दोन काचांच्या मधल्या पट्टीवर बरेचदा बनवल्याचं साल असतं, तेही वाचा. पुसूनही न जाणारं धुकं काचांच्या मध्येच दिसलं, तर सील गेलंय. तिथे आर्गॉनचा भरवसा धरू नका.

चौकटीचं रबर बघायला खिडकीत कागदाची पट्टी धरून ती बंद करा. पट्टी सहज ओढून निघाली तर तिथून वारा येणार.

चांगली खिडकी हवाबंद असते, त्यामुळे स्वयंपाकाची, आंघोळीची, वाळत घातलेल्या कपड्यांची वाफ घरातच कोंडते. दिवसातून दोनदा 5-10 मिनिटं खिडक्या सताड उघडा. दिवसभर फट ठेवू नका, त्याने भिंती गार पडतात. आणि एखाद्या पहाटे काचेच्या बाहेरच्या बाजूला दव दिसलं तर घाबरू नका. घरातली ऊब बाहेरच्या काचेपर्यंत पोचतच नाहीये, म्हणून ते जमतं.