ओव्हरिएक्टॉमी करूनही रॅटच्या हाडांची झीज दिसत नाही, चुकलं कुठे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एम.फार्म.च्या प्रकल्पासाठी २०० ग्रॅमच्या मादी विस्टार रॅटची दोन्ही अंडाशयं काढली (ओव्हरिएक्टॉमी; इस्ट्रोजेन थांबून हाडं झिजावीत म्हणून), ८ आठवडे थांबलात, मांडीचं हाड थ्री-पॉइंट बेंडिंगवर (दोन टोकांना आधार, मधोमध दाब) मोडून पाहिलं, पण शॅम (अंडाशयं न काढता नुसती खोटी शस्त्रक्रिया) आणि ओव्हीएक्स (अंडाशयं काढलेल्या) गटांत काहीच फरक नाही. शस्त्रक्रिया फसली का?

फसली असेलच असं नाही. सॅक्रिफाइस करताना, म्हणजे प्रयोगाअखेर प्राणी मारताना, गर्भाशयाचं वजन केलं होतंत का? ते सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात खात्रीचं उत्तर आहे. दोन्ही अंडाशयं खरोखर निघाली असतील तर ८ आठवड्यांत गर्भाशयाची दोन्ही शिंगं दोऱ्यासारखी बारीक आणि फिकट होतात. वजन शॅमच्या एक तृतीयांशाहूनही खाली जातं. शॅममधली एखादी मादी ऋतुचक्राच्या ज्या टप्प्यावर असेल त्याप्रमाणे गर्भाशयात पाणी भरलेलं असू शकतं, म्हणून ते निथळून मगच वजन करायचं. ओव्हीएक्स गटातली एखादी शिंगं जाड, गुलाबी दिसली तर त्या रॅटमध्ये अंडाशयाचा तुकडा राहिला आहे असं समजा.

हा तुकडा राहतो कसा? पाठीवरून मधोमध २ ते ३ सें.मी. चिरा घेतला, शेवटच्या बरगडीच्या खाली, कण्यालगतच्या स्नायूंच्या बाहेरच्या अंगाला स्नायूत छोटं भोक पाडलं, की पांढरी चरबी वर येते. अंडाशय त्या चरबीतच दडलेलं असतं: तुतीच्या फळासारखं दाणेदार, गुलाबीसर, जेमतेम ४-५ मि.मी. घाईत लोक चिमट्याने अंडाशयच धरतात. ते चिरडतं, एखादा दाणा पोटात पडतो, तिथेच रुजतो आणि पुन्हा इस्ट्रोजेन बनवू लागतो. म्हणून बोथट चिमट्याने चरबीच धरायची, तिच्यासकट अंडाशय बाहेर काढायचं, शिंगाच्या टोकाला ४-० विरघळणाऱ्या धाग्याने गाठ मारायची आणि गाठीच्या अंडाशयाकडच्या बाजूने अंडाशय, बीजवाहिनी एकत्र कापायची. कापलेला तुकडा गॉझवर ठेवून अख्खा आहे ना ते बघायचं. उजवं अंडाशय डाव्यापेक्षा किंचित डोक्याच्या बाजूला असतं. दोन्हीकडे एकाच रेषेत शोधलं की उजवीकडे उगाच खणाखणी होते.

शॅम म्हणजे नुसता कातडीवरचा चिरा नव्हे. तीच भूल, तेच दोन्ही छेद, अंडाशय बाहेर काढून पुन्हा आत. औषधंही दोन्ही गटांना तीच. वेदनेसाठी मेलॉक्सिकॅम १ मि.ग्रॅ. प्रति किलो, कातडीखाली, २-३ दिवस. हे टाळू नका. भुलीचं केटामाइन शेड्यूल एक्समध्ये (कडक नियंत्रणाच्या औषधांच्या यादीत) असल्याने बऱ्याच कॉलेजांना मिळवताना नाकी नऊ येतात. आयसोफ्लुरेनची (हुंगवून द्यायच्या भुलीची) सोय असेल तर तेच बरं, जागही लवकर येते. जखम चिघळू नये म्हणून कुणी ऑक्सिटेट्रासायक्लिन टोचायला सांगेल, तर नको म्हणा. ते हाडात जाऊन बसतं आणि फ्लुरोसन्समध्ये चमकतं, मग कॅल्सीनचं लेबल (नवं हाड ओळखण्यासाठी टोचलेल्या चमकत्या रंगाची खूण) वाचताना गोंधळ होतो.

आता समजा गर्भाशय बारीक होतं, म्हणजे शस्त्रक्रिया बरोबर होती. मग माझा पहिला संशय वयावर. २०० ग्रॅमची मादी बहुधा १०-१२ आठवड्यांची, अजून वाढीची. अशा जनावरात इस्ट्रोजेन गेलं की हाडाची लांबी उलट जास्त वाढते. झीज आणि वाढ एकमेकींत मिसळतात, आणि तुमच्याकडे पहिल्याच दिवशी सॅक्रिफाइस केलेला बेसलाइन गट नसेल तर हाड घटलं की नुसतं कमी वाढलं हे सांगताच येत नाही. ६ महिन्यांच्या माद्या महाग पडतात, जागा अडवतात, पण याला पर्याय नाही.

दुसरा संशय, आणि तुमच्या बाबतीत बहुधा हाच खरा: तुम्ही चुकीच्या जागी पाहिलंत. मांडीच्या हाडाचा मधला दांडा घट्ट हाडाचा असतो, तिथे ८ आठवड्यांत फारसं हलत नाही. शिवाय ओव्हीएक्स रॅट जास्त खातात, वजन वाढतं, त्या भाराने दांडा बाहेरून थोडा जाडही होतो. झीज आधी दिसते ती जाळीदार हाडात: नडगीच्या वरच्या टोकाशी, वाढीच्या पट्टीच्या खाली, महिनाभरात, कमरेच्या मणक्यात त्यानंतर, साधारण दोन महिन्यांनी.

तिसरं खाद्य. प्रथिनांसाठी सोयाबीनची पेंड घातली असेल तर जेनिस्टीन, डेडझीन ही सोयाबीनमधली द्रव्यं रोज पोटात जातात आणि इस्ट्रोजेनसारखं काम थोडंफार करतात. पुरवठादाराला प्रथिनांचा स्रोत सरळ विचारा, केसिनवरचं खाद्य घ्या.

पुढच्या खेपेस ८ आठवडे आंधळेपणाने थांबू नका. ऑपरेशननंतर सातव्या दिवसापासून सलग ५ दिवस योनीचा स्मिअर (पेशी काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा नमुना) घ्या. रॅटचं चक्र ४-५ दिवसांचं, त्यामुळे एवढ्यात पूर्ण चक्र झाकलं जातं. रोज बहुतेक पांढऱ्या पेशीच दिसायला हव्यात. मध्येच खवल्यांसारख्या, केंद्रक नसलेल्या पेशींचा थर आला तर ती मादी गटातून बाद. मात्र बाद करायचा हा नियम आधीच प्रोटोकॉलमध्ये लिहून आयएईसीकडून (संस्थेच्या प्राणी नीतिमत्ता समितीकडून) मंजूर करून घ्या, नाहीतर निकाल पाहून प्राणी वगळल्यासारखं दिसतं.

पण नव्या प्राण्यांसाठी अर्ज करण्याआधी जुन्या नडग्या कुठे आहेत ते बघा. सलाइनच्या गॉझमध्ये गुंडाळून उणे २० अंशांवर असतील तर वरच्या टोकाचं मायक्रो-सीटी (हाडाची आतली जाळी दाखवणारं बारीक स्कॅन) आताही होईल. फॉर्मेलिनमध्ये पडून असतील तर आजच ७० टक्के अल्कोहोलमध्ये हलवा; फॉर्मेलिन हळूहळू आम्लधर्मी होतं आणि हाडातलं कॅल्शियम काढून घेतं.